संत गाडगेबाबा : धर्मशाळा बांधणारा, पण धर्मशाळेत न राहणारा माणूस



२० डिसेंबर जवळ आला की आपल्या शाळांमधून संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीची तयारी सुरू होते. फोटोला हार, परिपाठात दोन भाषणं, मग मुलांच्या हातात झाडू आणि मैदानाची सफाई. आपल्या म्हसावद भागातही चित्र वेगळं नसतं. हे सगळं चांगलंच आहे. पण गेल्या वर्षी एका मुलाने मला असा प्रश्न विचारला की मी थोडा वेळ गप्पच झालो.

मी वर्गात सांगत होतो की बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी गरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहणारा. त्याने विचारलं की एवढ्या धर्मशाळा बांधल्या, मग बाबा स्वतः कुठल्या धर्मशाळेत झोपायचे?

बघा, प्रश्न किती साधा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर बाबांचं सगळं आयुष्य सांगावं लागतं. म्हणून आजच्या लेखात आपण गाडगेबाबांचं चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. झाडू तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. झाडलेल्या जागेवर पुढे काय उभं राहिलं, कसं उभं राहिलं आणि कोणासाठी उभं राहिलं, ते आज पाहू.

बालपण आणि अंगठ्याचा ठसा

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घराणं परीट समाजाचं.

वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्या दारूनेच त्यांचा जीव घेतला. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे डेबू गुरं राखायला शिकला, औत हाकायला शिकला, पोहायला शिकला. शाळेचं तोंड मात्र त्याने पाहिलं नाही. रात्री भजन असलं की हा पोरगा हमखास हजर. भजनाच्या मेळ्यात आणि पंगतीत कोण कुठल्या जातीचा हे त्याने कधी पाहिलं नाही. त्या काळात एका खेड्यातल्या पोराने असं वागणं सोपं नव्हतं.

मामांची शेती चांगली होती. पण सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय हे न वाचताच अंगठा उमटवला गेला आणि जमीन हातातून गेली. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. भरलं घर बघता बघता रिकामं झालं. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा डेबूजी औत सोडून समोर उभा राहिला आणि त्यांना परत फिरावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं.

शिक्षक मित्रांनो, इथे जरा थांबा. पुढे हाच निरक्षर माणूस कीर्तनात लोकांना सांगायचा की घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, पण लेकरांना शाळेत घाला. हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालं नव्हतं. अंगठ्याच्या एका ठशाने मामाचं घर कसं बुडालं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दारूवर ते इतके तुटून का पडायचे, याचं उत्तरही बापाच्या मरणात आहे.

संसार आणि गृहत्याग

१८९२ साली डेबूजींचं लग्न कुंताबाईंशी झालं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची होती. डेबूजीने भाऊबंदांचा राग पत्करला आणि पंगतीला गोडधोड वाढलं. त्यांच्या सुधारणेची सुरुवात भाषणाने झाली नाही, ती अशी स्वतःच्या घरातल्या पंगतीपासून झाली.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री, वयाच्या २९ व्या वर्षी, डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात काठी आणि मातीचं एक फुटकं मडकं. तेच मडकं जेवायचं ताट, तेच पाणी प्यायचं भांडं आणि डोक्यावर पालथं घातलं की टोपी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. मडक्याला वऱ्हाडात गाडगं म्हणतात, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. चिंध्यांच्या वेशामुळे काही ठिकाणी गोधडेबाबा असंही नाव पडलं.

पुढची बारा वर्षं ते नुसते फिरत होते. पण हे फिरणं रिकामं नव्हतं. वाटेत कोणाची गाडी चिखलात रुतली तर खांदा लावायचा. कोणाच्या शेतात काम चाललंय असं दिसलं तर न सांगता काम करू लागायचं. बदल्यात भाकरीचा तुकडा मिळाला तर घ्यायचा, पैसा घ्यायचा नाही. फुकटचं खायचं नाही, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

इथे एक गोष्ट मुलांना सांगताना आपण बहुतेक वेळा टाळतो. बाबा निघाले तेव्हा मागे कुंताबाई होत्या, लहान लेकरं होती आणि म्हातारी आई होती. त्यांच्या वाट्याला कष्टच आले. १९२३ साली बाबांचा मुलगा गोविंद वारला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनासाठी गेलेले होते आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. आपण याला वैराग्य म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या वैराग्याची किंमत कुंताबाईंनीही मोजली आहे. मोठ्या माणसांची गोष्ट सांगताना घरातल्या बाईचं नाव गाळू नये, असं मला वाटतं. निदान मुलींना तरी ते नाव माहीत असावं.

ऋणमोचनचा घाट : कामाची सुरुवात

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं क्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत उतरायची वाट म्हणजे नुसता चिखल. म्हातारी माणसं, बाया, लेकरं घसरून पडायची. येणारे जाणारे नावं ठेवायचे आणि घरी जायचे.

बाबांनी कोणालाही काही सांगितलं नाही. कुदळ घेतली आणि उतार खणायला, माती टाकायला लागले. आधी लोकांनी त्यांना वेडा म्हटलं. मग एकाने विचारपूस केली, दुसऱ्याने टोपली उचलली, तिसऱ्याने आपल्या गावची चार पोरं बोलावली. यात्रेला आलेले लोकच मजूर झाले. १९०८ मध्ये पूर्णेवर घाट बांधला गेला तो असा.

बाबांची पुढची सगळी कामं या एका घाटाच्या पद्धतीने झाली. पद्धत काय होती, ते नीट बघू या.

पहिलं, सुरुवात स्वतः करायची. सभा नाही, समिती नाही, आधी हातात कुदळ नाहीतर झाडू.

दुसरं, लोकांकडे आधी श्रम मागायचे, पैसा नंतर. पैसा देणारा माणूस देऊन निघून जातो. ज्याने घमेलं उचललंय त्याला ती जागा आपली वाटते.

तिसरं, पैसा आलाच तर स्वतः हात लावायचा नाही. तो कामावर लागला पाहिजे आणि त्याचा हिशोब गावातल्या जबाबदार माणसांनी ठेवला पाहिजे.

चौथं, काम पूर्ण झालं की तिथे बसून राहायचं नाही. पुढच्या गावाला निघायचं.

बाबा एखाद्या गावात शिरले की सकाळी झाडू हातात घेऊन रस्ते झाडायचे. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे. अगदी वर्गासारखं! देवाला नवस करून मूल होतं का, सण साजरा करायला कर्ज का काढता, बकरं कापून देव कसा पावतो, असे प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत, हसत हसत विचारायचे. माणूस हसता हसता विचारात पडायचा. आणि कीर्तन संपता संपता त्या गावात शाळेचं, पाणवठ्याचं नाहीतर धर्मशाळेचं काम ठरलेलं असायचं.

धर्मशाळा म्हणजे नेमकं काय?

आजच्या मुलांना धर्मशाळा हा शब्द जवळजवळ परका झालाय. लॉज माहीत आहे, भक्तनिवास माहीत आहे. पण शंभर वर्षांपूर्वी गरीब माणूस पंढरपूरला पोचला की राहणार कुठे? पैसेवाल्यांचे वाडे होते, मठ होते. काही धर्मशाळा ठरावीक जातींच्या होत्या. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवलं जाई ती माणसं वारीत शेकडो मैल चालत यायची आणि पाऊस असो, चिखल असो, उघड्यावर पडायची. विठ्ठलाच्या देवळातही त्यांना प्रवेश नव्हता. तो मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी आपल्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

त्या पंढरपुरात १९१७ साली बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाव बघा कोणाचं दिलंय. ज्या संताला हयातीत देवळाच्या पायरीच्या आत जाता आलं नाही, त्या चोखोबांचं. आणि धर्मशाळा कोणासाठी? ज्यांना गावात कोणीही छप्पर देत नव्हतं त्यांच्यासाठी. असं म्हणतात की बाबा वर्षानुवर्षं पंढरपूरला जात राहिले, पण देवळात दर्शनाला गेले नाहीत. वाळवंट झाडणं आणि वारकऱ्यांची सोय पाहणं, हीच त्यांची वारी.

पुढे पंढरपुरातच मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा झाल्या. १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम, धर्मशाळा आणि विद्यालय सुरू झालं. काही ठिकाणी आंधळ्या, पांगळ्या, कुष्ठरोगी माणसांसाठी सदावर्त चालायचं. सदावर्त म्हणजे रोज ठरलेल्या वेळी गरजूंना अन्न देण्याची सोय.

या इमारतींची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे भिंती आणि छप्पर एवढंच नसायचं. स्वयंपाकाची जागा आणि भांडी यांचाही विचार केलेला असायचा. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पण विचार करा. एखादं कुटुंब आजारी माणसाला घेऊन परगावी आलंय. खोली मिळाली, पण रोज विकतचं जेवण परवडत नाही. पातेलं, तवा, परात मिळाली तर घरची बाई भाकरी थापते, पिठलं टाकते आणि चार माणसं मानाने जेवतात. कोणापुढे हात पसरावा लागत नाही. गरिबाला काय हवंय हे ज्याने गरिबी भोगली त्यालाच कळतं. भीक आणि मदत यांच्यातला फरक एका पातेल्याएवढा असतो म्हणा ना!

मुंबईतल्या रुग्णांसाठी

मुंबईला मोठी सरकारी रुग्णालयं होती. खेड्यापाड्यांतून माणसं तिथे उपचाराला जायची. रोग्याला खाट मिळायची, पण त्याच्या बरोबर आलेल्या बायकोने, आईने, भावाने कुठे राहायचं? फुटपाथवर. बाबांनी हे पाहिलं आणि १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. बाबा त्या वेळी ७८ वर्षांचे होते, शरीर थकलेलं होतं.

त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आपल्या नंदुरबार, धुळे, जळगाव भागातून कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबई गाठणारी कुटुंबं कमी नाहीत. ज्याच्या घरात असा आजार येऊन गेलाय त्याला विचारा, मुंबईत डोकं टेकायला जागा मिळणं म्हणजे काय असतं! त्याला गाडगेबाबा कोण होते हे निबंधाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही.

बांधलं, आणि देऊनही टाकलं

आता मी तुम्हाला बाबांच्या आयुष्यातली, माझ्या मते, सर्वांत मोठी गोष्ट सांगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांना एकमेकांविषयी फार आदर होता. एक परदेशात शिकलेले बॅरिस्टर, दुसरे अक्षरही न गिरवलेले. पण दोघांनाही ठाऊक होतं की शिक्षणाशिवाय या माणसांची सुटका नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी या संस्थेच्या हवाली केली. जिथे वारकरी राहायचे तिथे आता शिकणाऱ्या मुलांची सोय व्हावी, ही त्यामागची दृष्टी.

बघा हं, बाबांनी तिथे आपल्या नावाची पाटी मागितली नाही की आपल्या माणसांना विश्वस्त नेमा असंही म्हटलं नाही. इमारत कशासाठी उभी केली होती? गरिबाच्या सोयीसाठी. मग गरिबाची गरज बदलली की इमारतीचा उपयोगही बदलला पाहिजे. आपण मात्र एखादं सभागृह बांधलं की पुढची तीस वर्षं कोनशिलेवरच्या नावांवरून भांडतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेवरही त्यांचं असंच प्रेम होतं. स्वातंत्र्यानंतर रयतचं सरकारी अनुदान बंद झालं, तेव्हा बाबांनी स्वतः मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे जाऊन शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. स्वतःसाठी कधी काही न मागणारा माणूस दुसऱ्याच्या शाळेसाठी मात्र दारात जाऊन उभा राहिला. रयतने १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली, म्हणजे सगळ्या संस्था एका व्यवस्थेखाली आल्या. बाबांनी एक पथ्य कटाक्षाने पाळलं. या कोट्यवधींच्या मालमत्तेत आपल्या नातेवाइकांचा हक्क राहू दिला नाही. बायको आणि मुली धर्मशाळेच्या इमारतीत राहायला गेल्या नाहीत, साध्या झोपडीतच राहिल्या. हे कठोर होतं. पण त्यामुळे एक झालं. बाबांनंतर त्या इमारतींवर कोणाची वारसदारी आली नाही आणि ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांच्याच त्या राहिल्या.

शेवटचे दिवस

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत बाबांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे आणि आज सहज ऐकायला मिळतं. हेच त्यांचं अखेरचं कीर्तन म्हणून ओळखलं जातं. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ८० वर्षं. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. बाबा कुठल्या धर्मशाळेत झोपायचे? कुठल्याच नाही. एवढ्या खोल्या बांधल्या, पण त्यातली एक खोली आपली म्हणून ठेवली नाही. झाडाखाली, पारावर, एखाद्या झोपडीत, जिथे रात्र होईल तिथे पथारी. मरण आलं तेही रस्त्यावर.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा तो मुलगा काही बोलला नाही. पण त्या दिवशी त्याने वहीत झाडूचं चित्र काढलं नाही. एक दार काढलं, उघडं.

आपल्या भागाचं काय?

पालकांनो, हे चरित्र वाचून संपलं असं समजू नका. आपला भाग सातपुड्याच्या पायथ्याचा. आपल्या शहादा तालुक्यातून, वरच्या धडगाव भागातून दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला बाहेर जातात. सारंगखेड्याची यात्रा भरते त्या सुमारास वस्त्यांमध्ये बहुतेक म्हातारी माणसं आणि काही मुलंच उरतात. मुलं बरोबर गेली तर शाळा सुटते आणि मागे राहिली तर जेवणाची, अभ्यासाची, रात्रीच्या सोबतीची पंचाईत होते. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना याचसाठी आहे. पण सगळं काम सरकारनेच करायचं असं कोणी सांगितलंय?

समाज बदलण्याची परंपरा आपल्या मातीतही आहे. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासी बांधवांना दारू सोडायला आणि एकमेकांना आप म्हणून मान द्यायला शिकवलं. गाडगेबाबा वऱ्हाडात जे सांगत होते, तेच इकडे सातपुड्यात वेगळ्या वाटेने चाललं होतं.

आता जरा आपापल्या गावात नजर टाका. बंद पडलेली एखादी जुनी शाळाखोली, कुलूप लागलेलं समाजमंदिर, कौलं फुटलेली चावडी असते की नाही? आत वटवाघळं, बाहेर काटेरी झुडपं. ती जागा दुरुस्त करून तिथे संध्याकाळची अभ्यासिका, मुलांचं जेवण, म्हाताऱ्यांना बसायची जागा, परगावच्या रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी माहिती सांगणारं कोणीतरी, एवढं करता येणार नाही का? येईल. फक्त कामाला लागण्याआधी बाबांच्या पद्धतीने स्वतःला पाच प्रश्न विचारायचे.

१. पहिला झाडू कोण मारणार? ज्याने ही कल्पना मांडली त्याने. आपण खुर्चीवर बसून मुलांना झाडायला लावायचं, हे बाबांच्या नावाखाली तरी नको.

२. जागा कोणाची? ग्रामपंचायतीची असो, शाळेची असो, रीतसर परवानगी कागदावर घ्यायची आणि तो कागद वाचून मगच सही करायची. डेबूजींच्या मामांचा अंगठा आठवा.

३. कोण काय देणार? गवंडीकाम येणाऱ्याने एक दिवस द्यावा, सुताराने दार बसवावं, शेतकऱ्याने ट्रॅक्टरभर मुरूम टाकावा, बचत गटाच्या ताईंनी भांडी द्यावीत. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने दोन तास द्यावेत. त्याचं नाव यादीत सगळ्यांच्या बरोबरीने यावं.

४. हिशोब कुठे लागणार? आत कपाटात नको. दाराबाहेर फळ्यावर, सगळ्यांना वाचता येईल असा.

५. दार कोणासाठी उघडणार? हा सर्वांत अवघड प्रश्न. जागा रंगवून चकाचक झाली की तिथे वाढदिवस आणि बैठका सुरू होतात आणि ज्यांच्यासाठी केली ती माणसं पुन्हा बाहेर. किल्ली कोणाकडे राहील हे पहिल्या दिवशीच ठरवा. शक्य असेल तर ती गरजू कुटुंबांतल्याच एखाद्या माणसाकडे द्या.

वर्गात काय करता येईल?

मुलांना बाबांच्या अखेरच्या कीर्तनातला थोडा भाग ऐकवा. वऱ्हाडी बोली ऐकून मुलं आधी हसतील, मग कान देतील. त्यानंतर बाबांनी विचारलेल्या प्रश्नांसारखे प्रश्न आपल्या गावाविषयी तयार करायला सांगा. आहिराणी, पावरी, भिली, गुजरी, ज्याच्या घरात जी बोली असेल त्या बोलीत.

मोठ्या मुलांना गावातल्या एका बंद इमारतीचा नकाशा काढायला द्या. खोल्या किती, दारं किती, छपराची अवस्था कशी, पाणी आहे का, शौचालय आहे का. मग विचारा, इथे कोणाची सोय करता येईल? गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र तिन्ही विषय एकाच कामात होतात.

वरच्या वर्गांना डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केलेला १९७७ चा देवकीनंदन गोपाला हा चित्रपट दाखवता येईल. ज्या शिक्षकांना सविस्तर चरित्र वाचायचंय त्यांनी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं चरित्र जरूर वाचावं. ते १९५२ साली, बाबा हयात असतानाच लिहिलेलं आहे.

भाषणासाठी थोडक्यात मुद्दे

• मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती.
• वडील दारूने गेले, मामांची जमीन निरक्षरतेमुळे गेली. म्हणून आयुष्यभर व्यसनमुक्ती आणि शिक्षणाचा प्रचार.
• १ फेब्रुवारी १९०५ ला गृहत्याग. संसाराचा भार पत्नी कुंताबाईंनी उचलला.
• १९०८ मध्ये ऋणमोचनला लोकांच्या श्रमातून घाट.
• १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या संस्थेला दिली.
• १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा.
• ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगेबाबा मिशनची स्थापना.
• २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ निधन.
• २०००-०१ पासून महाराष्ट्रात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान. अमरावती विद्यापीठालाही त्यांचं नाव.

मित्रांनो, या २० डिसेंबरला मुलांच्या हातात झाडू जरूर द्या. पण झाडून झाल्यावर त्यांना एवढं विचारा की ही स्वच्छ झालेली जागा आता कोणाच्या उपयोगी पडेल? हा प्रश्न मुलं घरी घेऊन गेली, तर पुण्यतिथी साजरी झाली असं समजायला हरकत नाही.